क्रूझचं तिकीट शेवटच्या घटकेला स्वस्त होतं, ते नेमकं कोणासाठी?

समजा, एकाच जहाजावर एकाच मजल्यावरच्या तीन शेजारशेजारच्या केबिनी आहेत. तिन्हींना बाल्कनी आहे, पलंग आणि न्हाणीघरही सारखंच. पहिल्या केबिनीतल्या जोडप्याने वर्षभर आधी माणशी ९०० डॉलर भरले. दुसऱ्याने अडीच महिने आधी ६५० भरले. तिसऱ्याने निघायच्या आठवडाभर आधी घाईने ११०० मोजले. जेवण, खेळ आणि बंदरं तिघांनाही तीच मिळणार आहेत.

आकडे उदाहरणाचे आहेत, पण असा प्रकार जहाजांवर सतत घडतो. ‘शेवटच्या क्षणी ७० टक्के सूट’ हा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो, आपण साईटवर जातो आणि भाव उलट चढलेला दिसतो. यात दरवेळी फसवणूक असते असं नाही. क्रूझचा भाव कसा ठरतो ते एकदा समजलं, की कधी थांबायचं आणि कधी चटकन पैसे भरायचे हे बऱ्यापैकी कळायला लागतं.

रिकामी केबिन म्हणजे उरलेली मेथी

मंडईत रात्री आठला मेथीच्या दहा जुड्या उरल्या तर भाजीवाली त्या निम्म्या भावात देते, कारण सकाळी त्यांना कोणी विचारणार नाही. जहाजाची केबिनही तशीच नाशवंत. दोर सुटला की रिकाम्या केबिनीची किंमत शून्य. इंधन तेवढंच जळतं, खलाशांचे आणि स्वयंपाक्यांचे पगार तेवढेच द्यावे लागतात. आणखी दोन माणसं चढली तर वाढतं ते जेवण, चादरी-टॉवेल आणि थोडं पाणी.

जहाजाची गोष्ट मेथीपेक्षा एक पाऊल पुढे जाते. चढलेला माणूस आत गेल्यावरही पैसे खर्च करतो. मद्य, वायफाय, कॅसिनो, मसाज, बंदरावरच्या सहली, फोटो हे सगळं वेगळं. जत्रेत शिरायला पैसे नाहीत, पाळण्याला आहेत, तसंच. कार्निव्हल कॉर्पोरेशन ही जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी. तिच्या २०२४ मधल्या सुमारे २५ अब्ज डॉलर उत्पन्नातला साधारण एक तृतीयांश भाग तिकिटाबाहेरचा आहे. त्यामुळे केबिन कवडीमोलाने गेली तरी चालेल, पण रिकामी जाऊ नये, असा हिशेब बसतो.

मग विमानाचं तिकीट शेवटी महाग का होतं?

शंका रास्त आहे. विमानाची सीटही उडाल्यावर वायाच जाते. फरक गिऱ्हाइकात आहे. आदल्या दिवशी विमानाचं तिकीट काढणाऱ्याला बहुधा जाणं भाग असतं. कोणाची मीटिंग असते, कोणाच्या घरी आजारपण असतं. तो मागाल ते देतो. क्रूझला कोणाला ‘जावंच लागत’ नाही. शेवटच्या आठवड्यात चौकशी करणारा माणूस मोकळा असतो आणि भाव पटला नाही तर महाबळेश्वरला जाऊ शकतो. त्याला ओढायचं तर भाव खाली आणावा लागतो.

अर्थात केबिनी उरल्या तरच. जहाज भरत आलं असेल तर भाव चढतच जातो, आणि तिसऱ्या जोडप्याचे ११०० डॉलर तिथूनच येतात.

‘शेवटचा क्षण’ नेमका कोणता?

बहुतेकांची इथेच गल्लत होते. शेवटचा क्षण म्हणजे निघायचा आदला दिवस असं आपण धरून चालतो. जहाज कंपनीच्या दृष्टीने खरी कसोटीची तारीख त्याच्या कितीतरी आधी येते.

आधी बुकिंग करणारा थोडी अनामत भरतो. बाकी सगळी रक्कम एका ठरलेल्या दिवसापर्यंत भरायची असते. तिला ‘फायनल पेमेंट डेट’ म्हणतात. आपण तिला भरणा-तारीख म्हणू. मोठ्या अमेरिकी कंपन्यांत चार-पाच रात्रींपर्यंतच्या सफरींना ती साधारण ७५ दिवस आधी असते, त्याहून लांबच्या सफरींना ९० दिवस आधी. महागड्या जहाजांवर चार महिने आणि त्याहूनही आधी.

या तारखेपर्यंत अनेकांना फारसं नुकसान न होता माघार घेता येते. म्हणून लोक दोन-दोन सफरी धरून ठेवतात आणि यावेळी एक सोडतात. काहींचे बेत मोडलेले असतात, काहींना सुट्टी मिळालेली नसते. भरणा-तारीख उलटली की एका झटक्यात कंपनीला खरं चित्र दिसतं, की इतक्या केबिनी परत आल्या आणि विकायला अडीच-तीन महिने उरले. भावात पहिली मोठी हालचाल त्यानंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांत होते. माझ्या मते सूट शोधणाऱ्याने डोळ्यात तेल घालून पाहायचा काळ हाच. केबिनी निवडायला मिळतात, रजा टाकता येते आणि विमानाचे दरही अजून हाताबाहेर गेलेले नसतात.

दुसरी संधी शेवटच्या दोन ते चार आठवड्यांत येते, पण तिचा भरवसा नाही. अगदी शेवटचे दोन-तीन दिवस तर सोडूनच द्या. प्रवाशांची यादी जहाज निघण्याआधी त्या-त्या देशांच्या यंत्रणांना द्यावी लागते, त्यामुळे बुकिंग आधीच बंद होतं.

कंपन्या उघडपणे भाव का पाडत नाहीत?

रोज आठ वाजता मेथी निम्म्या भावात मिळते हे साऱ्या पेठेला कळलं, तर सहा वाजता कोण येईल? क्रूझ कंपन्यांनाही हीच धास्ती. २०१५ मध्ये रॉयल कॅरिबियनने उत्तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी ऐनवेळी भाव पाडणं थांबवत असल्याचं जाहीरच केलं होतं. आधी भरलेल्या माणसाला आपण मूर्ख ठरलो असं वाटू नये, हा हेतू.

म्हणून सूट येते ती बुरखा घालून. जुन्या प्रवाशांना ईमेलने वेगळा दर मिळतो. अमेरिकेत ठराविक राज्यांच्या रहिवाशांना किंवा ५५ वर्षांवरच्या प्रवाशांना वेगळा भाव लागतो. कधी भाडं तेच ठेवून जहाजावर खर्चायला शंभर-दोनशे डॉलर खात्यात टाकतात. बुकिंग करताना ‘रहिवासी राज्य’ आणि ‘वय’ हे रकाने रिकामे सोडू नका. पुष्कळदा सूट तिथेच दडलेली असते.

‘गॅरंटी केबिन’ हा सगळ्यात मोठा बुरखा. तुम्ही फक्त प्रकार निवडता. आतली बिनखिडकीची, खिडकीची किंवा बाल्कनीची. केबिनचा नंबर कंपनी नंतर देते, कधी निघायच्या काही दिवस आधी. निवडलेल्या प्रकारापेक्षा खालची केबिन मिळत नाही, एवढीच हमी. नशीब चांगलं असेल तर वरची मिळते. पण वाट्याला येते ती बहुधा इतरांनी नाकारलेली. नाट्यगृहाच्या डोक्यावरची, जिथे रात्री साडेअकरापर्यंत ढोल ऐकू येतो. किंवा अगदी नाकाकडची, जिथे नांगर टाकताना पहाटे साखळी खडखडते आणि लाटांचा हिसका सर्वांत जास्त बसतो. बोट लागणाऱ्या माणसाला मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन हवी. त्याने गॅरंटीच्या मोहात पडू नये. दोन केबिनी घेणाऱ्या कुटुंबानेही नको, कारण आजी-आजोबा एका टोकाला आणि नातवंडं दुसऱ्या टोकाला पडू शकतात.

जाहिरातीतला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा

सात रात्रींची कॅरिबियन सफर ४९९ डॉलरला, असं समजू. जाहिरात म्हणेल, रात्रीला फक्त ७१ डॉलर. हा भाव माणशी असतो, आणि केबिनीत दोघं आहेत असं धरून.

त्यात बंदर शुल्क आणि कर धरा, समजा माणशी १४० डॉलर. मग टिप. मोठ्या अमेरिकी जहाजांवर ती आपोआप खात्यात चढते, माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. १८.५० धरली तर सात दिवसांची १२९.५० झाली. एकूण माणशी ७६८.५० डॉलर, म्हणजे रात्रीला जवळपास ११०. जाहिरातीच्या दीडपट, आणि अजून वायफायलाही हात लावलेला नाही.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून लपवलेल्या शुल्कांविरुद्ध कायदा लागू झाला, तेव्हापासून मोठ्या कंपन्या अमेरिकेत बंदर शुल्क धरूनच भाव दाखवतात. टिप मात्र वेगळीच. भारतातल्या जाहिरातींत जीएसटी, बंदर शुल्क आणि टिप धरली आहे का, हे प्रत्येक वेळी तळाच्या बारीक अक्षरांत पाहावं लागतं. ‘मुलं फुकट’ या योजनेतही मुलांचं बंदर शुल्क आणि टिप सहसा भरावीच लागते.

एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांचं भाडं पडतं. वरच्या उदाहरणात ९९८ डॉलर, अधिक एकाचंच बंदर शुल्क आणि एकाचीच टिप.

यापुढचा हिशेब लोक विसरतात. उशिरा बुक करून भाड्यात माणशी १५० वाचले, पण तोवर बंदराच्या गावचं विमान माणशी १८० ने महागलं, तर दोघांमागे ६० डॉलरचं नुकसानच झालं. म्हणून ऐनवेळची सूट खऱ्या अर्थाने त्याची, जो गाडीने किंवा ट्रेनने बंदरावर पोहोचू शकतो.

केबिनी कुठे आणि कधी उरतात

शाळा सुरू असताना. याहून मोठा नियम नाही. कॅरिबियनमध्ये वादळांचा काळ १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याला. अमेरिकी मुलं ऑगस्टअखेर शाळेत गेली की सप्टेंबर-ऑक्टोबरात भाव कोसळतात. वादळ आलं तर जहाज मार्ग बदलतं, आणि बहामाऐवजी मेक्सिको पाहावं लागलं तरी भाडं परत मिळत नाही. स्वस्ताईची ही खरी किंमत आहे. नाताळाआधीचे डिसेंबरचे पहिले दोन आठवडे आणि नववर्षानंतरचा जानेवारी हेही ढिले असतात. अलास्कात मे आणि सप्टेंबर स्वस्त, जुलै महाग. भूमध्य समुद्रात नोव्हेंबर ते मार्च.

आणि मग बदलीच्या सफरी. जहाजं ऋतूप्रमाणे मुक्काम हलवतात. एप्रिलच्या सुमारास कॅरिबियनमधून युरोपला येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत अटलांटिक ओलांडतात. तेरा-पंधरा रात्री, त्यातले सहा-सात दिवस नुसता समुद्र. जहाज रिकामं असो वा भरलेलं, त्याला जावंच लागतं, म्हणून रात्रीमागचा भाव सर्वांत कमी इथे सापडतो. निवृत्त माणसांना, वाचनाची आवड असलेल्यांना हा सुखाचा प्रवास आहे. लहान मुलांना मात्र चौथ्या दिवशी कंटाळा येतो, आणि एका बाजूचं विमान वेगळं काढावं लागतं.

महाराष्ट्रात राहून याचा काही उपयोग आहे?

आहे, पण व्हिसा आधी. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि ते ४५ पर्यंत लांबू शकतात. त्याआधी भेटीची वेळ मिळणं वेगळंच. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, म्हणून बार्सिलोनाहून निघून तुर्कस्तान करून ग्रीसला परतणाऱ्या जहाजासाठी एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा लागतो. एकदाच प्रवेशाचा असेल तर जहाजावर चढूच देणार नाहीत. भरणा-तारखेनंतर घेतलेल्या बुकिंगचे पूर्ण पैसे लगेच भरावे लागतात. व्हिसा नाकारला गेला तर ते अडकतात. त्यामुळे हातात चालू व्हिसा नसेल तर युरोपच्या ऐनवेळच्या सवलतीकडे पाहूही नका.

सिंगापूरची गोष्ट निराळी. व्हिसा अधिकृत एजंटामार्फत ऑनलाइन होतो आणि बहुधा काही कामाच्या दिवसांत मिळतो. तिथून पेनांग-फुकेतच्या तीन-चार रात्रींच्या सफरी नियमित निघतात. मात्र मधल्या देशांचे नियमही पाहून घ्यावे लागतात.

व्हिसा आणि विमान दोन्ही टळतात ते मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप आणि कोचीच्या सफरी करत आलं आहे. देशांतर्गत सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतं, आणि ठाणे-पुणे-नाशिकचा माणूस बंदरावर रस्त्याने किंवा रेल्वेने येऊ शकतो. जहाजं मोजकी, म्हणून दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार जोडून येणाऱ्या सफरींत सवलतीची आशा धरू नये. मधल्या वारी निघणाऱ्या आणि परीक्षांच्या काळातल्या सफरी पाहाव्यात.

अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

इथे ऐनवेळची सूट खरोखर हाताशी आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून बेयॉनचं केप लिबर्टी बंदर गाडीने पाऊण तासावर, ह्यूस्टनहून गॅल्व्हेस्टन तासाभरावर. जानेवारी-फेब्रुवारीत थंडीत बेयॉनहून निघणाऱ्या सफरींना गर्दी कमी असते.

उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आई-बाबांनाही नेता येतं, कारण दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा बहुधा अनेक वेळा प्रवेशाचा असतो. तरी पासपोर्टवर तसं लिहिलेलं वाचून घ्या आणि जहाज लागणार त्या प्रत्येक देशाचे भारतीय पासपोर्टसाठीचे नियम कंपनीला विचारा. एच-वन-बीवर असणाऱ्यांनी पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहावी. ती उलटली असेल तर बहामा-बर्म्युडाच्या सफरीवर जाऊ नका, परत येताना अडाल. अमेरिकेत राहण्याचे कागद चालू असले तरी पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू आहे असं होत नाही.

प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा

आधी कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा. कोणत्या तारखांना खरंच निघता येईल, कोणती बंदरं विमानाशिवाय गाठता येतात, आणि सगळं धरून रात्रीला माणशी किती द्यायची तयारी आहे. हा तिसरा आकडा आधीच ठरवला नाही तर प्रत्येक भाव स्वस्तच वाटतो.

मग चार-पाच सफरी निवडून प्रत्येकीची भरणा-तारीख काढा. निघायच्या तारखेतून ७५ किंवा ९० दिवस वजा केले की अंदाज येतो. त्या तारखेच्या दोन दिवस आधी आणि मग आठवड्यातून दोनदा, एकाच प्रकारच्या केबिनचा भाव लिहून ठेवा. वेगवेगळे प्रकार मिसळले तर काहीच कळणार नाही. ‘व्हेकेशन्स टू गो’ या अमेरिकी साईटवर येत्या ९० दिवसांतल्या सफरींची वेगळी यादीच असते. भाव तिथून समजून घ्या, मग कंपनीच्या साईटवर आणि एका एजंटाकडे तोच ताडून पाहा.

तुम्ही ठरवलेल्या आकड्याला भाव आला की घ्या. आणखी वीस डॉलर उतरतील म्हणून थांबणाऱ्याच्या हातून केबिनच जाते.

चौघांसाठी केबिन रिकामी दिसते, पण बुक होत नाही. का?

साईट बिघडली असं वाटतं, पण कारण बोटींचं आहे. जहाजाच्या प्रत्येक भागातल्या प्रवाशांसाठी जीवरक्षक बोटी आणि जमण्याची जागा ठरलेली असते, आणि तिथे माणसांची कमाल संख्या बांधलेली असते. जहाज कंपन्या केबिनीत दोघं धरून १०० टक्के मोजतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पलंगावर माणसं आली की जहाज १०० टक्क्यांच्या वर भरतं. सुट्ट्यांत असंच होतं. एखाद्या भागाची मर्यादा संपली की तिथे दोघांना केबिन मिळते, चौघांना नाही. चौघांच्या कुटुंबाने म्हणून ऐनवेळेवर विसंबू नये. अडलंच तर जहाजाच्या दुसऱ्या भागातली केबिन मागून पाहा किंवा दोन केबिनींचा भाव काढा. कधीकधी तो जमतो.

आधीच बुक केलंय आणि आता भाव उतरला, तर?

भरणा-तारीख उलटली नसेल तर कंपनीला किंवा एजंटाला फोन करून नवा भाव लावायला सांगा. अमेरिकी बुकिंगमध्ये हे सर्रास होतं. मात्र अनामत परत न मिळणाऱ्या प्रकारात बदलाचं शुल्क आहे का, आणि जुन्या बुकिंगबरोबर मिळालेली पेयांची किंवा वायफायची योजना नव्या भावात टिकते का, हे आधी विचारा. योजना गेली तर उतरलेला भाव महागात पडू शकतो.

याच कारणाने शाळेच्या सुट्टीत जाणाऱ्यांसाठी मला हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. परत मिळणारी अनामत भरून लवकर केबिन धरा आणि भरणा-तारखेपर्यंत भाव पाहत राहा. जागाही पक्की आणि उतरलेला भावही आपलाच.

तारीख उलटल्यावर पैसे परत मिळणं कठीण, पण वरच्या प्रकारची केबिन किंवा जहाजावर खर्चायची रक्कम मागून पाहता येते. काही कंपन्या वरच्या केबिनसाठी बोलीही लावू देतात. रॉयल कॅरिबियनमध्ये या सोयीला ‘रॉयल अप’ म्हणतात. बोलीचा आकडा माणशी असतो. शंभर लिहिले की दोघांचे दोनशे कापले जातात, आणि बोली मान्य झाली की परतीची वाट नाही.

पैसे भरण्याआधी

ऐनवेळी घेतलेली केबिन रद्द केली तर जवळजवळ पूर्ण भाडं बुडतं. परत मिळतं ते बहुधा फक्त बंदर शुल्क, कर आणि आधी भरलेली टिप. म्हणून विमा त्याच दिवशी घ्या. ‘प्रवास रद्द’ होण्याची कोणती कारणं विम्यात धरली आहेत आणि समुद्रावर दवाखान्याचा खर्च मिळतो का, या दोन ओळी वाचूनच घ्या. जहाजावरचा डॉक्टर डॉलरमध्ये बिल लावतो आणि ते थेट केबिनच्या खात्यात चढतं. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने चालू असावा. एजंटाने व्यक्तीच्या खात्यावर पैसे मागितले तर देऊ नका. भरल्यावर कंपनीचा स्वतःचा आरक्षण क्रमांक मागा आणि तो कंपनीच्या साईटवर टाकून आपली नावं पासपोर्टप्रमाणे आली आहेत का ते पाहा. नावातली चूक भरल्या दिवशी सहज दुरुस्त होते. बंदरावर, रांगेत उभं राहून, ती दुरुस्त करणं फार अवघड जातं.